दहिसर नदीकाठच्या चालण्याच्या वाटेवर भित्तिचित्रं आणि एक शिल्प: काय टिकेल, काय नाही?

काठावरची

नमस्कार मंडळी. हायवे आणि रेल्वे रुळांच्या मधल्या पट्ट्यात दहिसर नदीच्या कडेने चालायला साधारण 300 मीटरची वाट आहे. नदीच्या बाजूला आरसीसीची संरक्षक भिंत, तिचा कठडा वाटेपासून 3 फूट वर येतो. दुसऱ्या बाजूला तीन सोसायट्यांच्या कंपाउंडच्या भिंती. विटांच्या, 6 फूट उंच, गिलावा जुना, मधूनमधून शेवाळ. एका टोकाला 20 बाय 15 फुटांची मोकळी जागा आहे.

सोसायट्यांनी मिळून या वाटेवर चित्रं करून घ्यायचं ठरवलंय. विषय नदीचाच: तुळशी तलावापासून मनोरीच्या खाडीपर्यंतचा प्रवाह, वंचक, पाणकावळे, खेकडे, मासे. मोकळ्या जागेत 2 मीटर उंच, दीड मीटर रुंद लोखंडी पत्र्याचा खंड्या उभा करायचा विचार आहे. काही जणांचं म्हणणं, चित्रं संरक्षक भिंतीच्या नदीकडच्या अंगावर काढा, म्हणजे पुलावरून दिसतील. 26 जुलै 2005 ला पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघही हवी आहे.

रंग घ्यावा की टाइलचे तुकडे? पत्र्याचा खंड्या पावसात किती तग धरेल? आणि परवानगी नक्की कोणाची? कोटेशनं आली आहेत, पण प्रत्येकाने फक्त चौरस फुटाचा भाव लिहिलाय. भिंतीचं काय करणार ते कोणीच लिहिलेलं नाही.

रंगारी नाका

भिंतीचं काय करणार हे ज्या कोटेशनमध्ये नाही, ते बाजूला ठेवा. म्यूरल उतरतं ते रंगामुळे फार कमी वेळा. उतरतं ते रंगाच्या मागच्या ओलीमुळे.

आधी जागा. संरक्षक भिंतीचं नदीकडचं अंग विसरा. त्या भिंतीच्या पाठीशी माती आहे, पावसाळ्यात ती भिजून चिंब होते आणि पाणी भिंतीतून, वीप होलमधून बाहेर येतं. येणारच, त्यासाठीच ती भोकं ठेवलेली असतात. त्यावर इमल्शन मारलं की पहिल्या पावसाळ्यात फुगे, दुसऱ्यात पोपडे. त्यात एखाद्याने चित्र नीट दिसावं म्हणून भोकं सिमेंटने बुजवली, तर पाण्याचा दाब भिंतीवर येतो, मग प्रश्न चित्राचा उरत नाही. शिवाय गाळ काढताना पोकलेनचं बकेट त्याच अंगाला घासतं.

तुमचा खरा कॅनव्हास म्हणजे सोसायट्यांच्या भिंतींची वाटेकडची बाजू. तिथेही एक मेख आहे: भिंतीच्या आतल्या बाजूला सोसायटीची बाग आहे का? मातीचा वाफा भिंतीला टेकलेला असेल आणि माळी रोज पाइप सोडत असेल, तर ती भिंत बारा महिने ओली राहते. वाफा भिंतीपासून फूटभर मागे घ्या. हे आधी, चित्रकार नंतर.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा आणि किमान 16 तास, शक्यतो पूर्ण दिवस, तसाच ठेवा. आतून दव धरलं किंवा भिंत गडद झाली, तर अजून रंगाची वेळ नाही. प्रत्येक भिंतीवर तीन-चार ठिकाणी करा, एक तरी जमिनीपासून फूटभर उंचीवर. ओल खालून चढते.

मग तयारी. शेवाळ वायरब्रशने खरवडायचं, पण तेवढ्याने ते मरत नाही. घरगुती ब्लीच 1 भाग, पाणी 3 भाग, ब्रशने लावून 15-20 मिनिटं ठेवायचं, मग धुवायचं. धुतलेलं पाणी नदीत जाऊ देऊ नका, पायथ्याशी गोणपाट टाकून अडवा. ब्लीच आणि टाइल साफ करायचं ॲसिड एकत्र कधीही येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. पांढरे क्षार फुटले असतील तिथे पाणी न लावता कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं की क्षार परत आत शोषले जातात आणि रंगामागून पुन्हा वर येतात.

गिलावा टिचकी मारून तपासा. पोकळ वाजला तेवढा फोडून नवा करा, आणि नव्या गिलाव्याला 28 दिवस द्या. ताज्या सिमेंटचा अल्कलीपणा रंग खातो, विशेषतः लाल-पिवळे. ओल्या जागेवर पीएच पट्टी (अल्कलीपणा मोजणारा कागद) लावून आकडा 10 च्या खाली आला की पुढे सरका. आतल्या खोल्यांची पांढरी पुट्टी बाहेर अजिबात नको. भेगांना बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक फिलर वापरा.

हिशेब असा. समजा भिंत 60 फूट बाय 6 फूट, म्हणजे 360 चौरस फूट. बाहेरच्या कामाचा प्रायमर खडबडीत गिलाव्यावर लिटरला 70-80 चौरस फूट जातो, म्हणजे 5 लिटर. त्यावर पांढऱ्या एक्सटीरियर इमल्शनचे दोन हात, दोन्ही हात मिळून लिटरला जेमतेम 50 चौरस फूट धरा, म्हणजे साडेसात लिटर. 10 ची बादली घ्या, उरलेला पांढरा रंग फिक्या छटा बनवायला लागतोच. चित्राचे रंग दुकानातल्या मशीनवर एक्सटीरियर बेसमध्येच बनवून घ्या आणि कोड लिहून ठेवा, डागडुजीला तोच लागतो. पांढऱ्यात स्टेनर (बाटलीतला दाट रंग) ओतून जागेवर कालवलेले रंग दोन बादल्यांत कधी जुळत नाहीत आणि लवकर विटतात. गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा, थॅलो (थॅलोसायनिन रंगद्रव्य) निळा-हिरवा हे उन्हात टिकणारे. झगझगीत गुलाबी आणि फ्लोरोसंट शेड एका उन्हाळ्यात मान टाकतात. खंड्याचा निळा थॅलोत छान बसतो, ही तुमची नशीबवान निवड.

आराखडा भिंतीवर उतरवायला चौकटी आखत बसू नका. भिंतीवर खडूने वेड्यावाकड्या खुणा करायच्या (अक्षरं, गोल, फुल्या, काहीही), समोरून फोटो घ्यायचा, मोबाइलमध्ये त्यावर चित्र पारदर्शक करून ठेवायचं, आणि कुठली रेघ कुठल्या खुणेवरून जाते ते बघत काढायचं. अरुंद वाटेवर मागे सरकून बघायला जागा नसते, प्रोजेक्टरलाही नसते. तिथे हीच पद्धत कामाची.

वर चकचकीत दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग मारा असा सल्ला मिळेल. ओलीची जरा जरी शंका असेल तर नको. ते आतली वाफ अडवतं आणि अख्खा थर फुग्यासारखा उचलतं. मॅट ॲक्रिलिक, यूव्ही रोखणारं वार्निश पुरे.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सकाळी, पूर्वेकडची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे दिसतात.

आरसीसीवाला

भिंतींबद्दल वर लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन. मी खंड्याच्या पायाबद्दल बोलतो, कारण शिल्पाच्या कोटेशनमध्ये पाया म्हणजे "सिव्हिल वर्क, लमसम" एवढीच ओळ असते.

मुंबईसाठी आयएस 875 भाग 3 (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रतिसेकंद. दाब काढायचं सूत्र 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला साधारण 118 किलो. तुमचा पत्रा 2 बाय दीड, म्हणजे 3 चौरस मीटर: आडवा ढकल साडेतीनशे किलो. पत्रा अर्धा मीटर उंच दांड्यावर बसवला तर त्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. पाया 60 सेंटीमीटर खोल धरला तर पायाच्या तळाशी उलटवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) साधारण 735 किलो-मीटर.

आता 1.2 बाय 1.2 बाय 0.6 मीटरचा काँक्रीटचा ठोकळा घ्या, तो बहुतेक जण असाच डोळे मिटून घेतात. वजन 2 टनांच्या आसपास, धरून ठेवणारा मोमेंट 1240. म्हणजे 1.7 पट, ठीक वाटतं. पण ही नदी आहे. जागा पाण्याखाली गेली की काँक्रीटचं परिणामी वजन घनमीटरला 2400 वरून 1400 वर येतं आणि तोच आकडा 725 होतो. वादळी पावसात पाणी आणि वारा एकत्रच येतात. म्हणजे शिल्प नेमकं तेव्हाच कलंडणार. ठोकळा दीड बाय दीड करा, खोली तीच ठेवा. पाण्याखालीही 1400 च्या पुढे मोमेंट मिळतो. हा ढोबळ हिशेब आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागेलच, पण सही करणाऱ्याला "पाण्याखालची स्थिती तपासलीत का" हे विचारा.

वाहत्या पाण्याचा दाब वेगळा. वेग सेकंदाला 1 मीटर असेल तर सपाट पत्र्यावर चौरस मीटरला 60 किलोच्या घरात, 2 मीटर झाला की चौपट. वर प्लास्टिक, गोधड्या, फांद्या अडकतात आणि जाळीचंही फळकूट होतं. म्हणून पत्र्याखालचा भाग शक्य तितका मोकळा: दोन दांडे, बाकी काही नाही. पत्रा कापून पिसांच्या फटी ठेवल्यात तर वाऱ्यालाही वाट मिळेल.

ठोकळा संरक्षक भिंतीला चिकटून नको. जड वजन जवळ आलं की मातीचा दाब भिंतीवर वाढतो. नदीच्या तळापासून भिंत जितकी उंच, किमान तितकं अंतर सोडा. तुमची जागा 20 बाय 15, त्यामुळे ठोकळा आपोआप सोसायटीच्या बाजूला सरकेल. खणायच्या आधी खालून काय जातंय ते पाहा: गॅस, वीज, ड्रेनेज.

2005 च्या रेघेबद्दल: अंदाजाने काढू नका. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, पण प्रत्येक नदीकाठी पाण्याची पातळी वेगळी होती. तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांकडून किमान चार-पाच स्वतंत्र खुणा घ्या: मीटरची पेटी, जिन्याची पायरी, दुकानाचं शटर. पारदर्शक नळीच्या पाणसाळीने किंवा लेव्हल यंत्राने त्या एका पातळीवर आणा. दोन खुणांत अर्ध्या फुटापेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा विचारा. आणि रेघ आडवी म्हणजे खरीच आडवी हवी. वाट उताराची असेल तर एका टोकाला ती गुडघ्याशी आणि दुसऱ्या टोकाला छातीशी येईल. तसंच बरोबर. वाटेला समांतर काढलेली पुराची रेघ शोभेला बरी, माहिती म्हणून खोटी.

तुकडेजोड

रंग की टाइल, याचं उत्तर उंचीवर आहे. जमिनीपासून अडीच-तीन फूट टाइल, वर रंग. खालच्या पट्ट्याला शिंतोडे, पाय टेकणं, कुत्री, पानाच्या पिचकाऱ्या, पुराचा गाळ, सगळं लागतं. टाइल धुता येते. पुराची रेघसुद्धा टाइलचीच करा.

मुंबईत गच्चीवरचं चायना मोझॅक सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कंत्राटदार तीच फुटकी टाइल आणि सिमेंटचं पाणी भिंतीवर वापरतात. गच्ची आडवी असते, भिंत उभी. भिंतीवर तुकडे सुटतात.

तुकडे व्हिट्रिफाइड किंवा पोर्सिलेनचे घ्या. ते पाणी जवळजवळ शोषत नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाठीमागून पाणी पिते आणि काही वर्षांत वरची चकाकी जाळीदार तडकते. चिकटवायला पॉलिमर असलेलं तयार ॲडहेसिव्ह, गोणीवर आयएस 15477 टाइप 2 किंवा वरचं लिहिलेलं. 20 किलोची गोणी खडबडीत भिंतीवर 40 चौरस फुटांच्या आसपास जाते.

काम घरात किंवा क्लबहाउसमध्ये होईल: टेबलावर चित्राचा कागद, त्यावर पातळ प्लास्टिक, त्यावर फायबरग्लास जाळी, त्यावर तुकडे. फूटभर रुंदीचे भाग करा, पण भाग चित्राच्या रेघेवरून तोडा, सरळ कापू नका, नाहीतर भिंतीवर चौकोन दिसतात. फार जणांची फसगत इथे होते: जाळीवर तुकडे चिकटवायला साधा पांढरा सुतारी गोंद वापरतात. तो पाण्याने मऊ पडतो. भिंतीला चिकटलेली जाळी जागेवर राहते आणि तुकडे एकेक करून खाली येतात. पाण्याला न विरघळणारा गोंद घ्या आणि तोही ठिपक्याठिपक्याने, म्हणजे ॲडहेसिव्हला तुकड्याची पाठ भेटेल.

तुकड्यांत 2-3 मिलिमीटर फट. खालच्या फूटभरात इपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा मसाला), वर सिमेंटचं चालेल. भिंतीत जिथे मुळात जोड आहे त्यावरून तुकडे नेऊ नका, तिथे चित्र थांबवून लवचिक सीलंट भरा. भिंत हलते आणि टाइल तिथेच फुटते. मुलं हात फिरवत चालतात, म्हणून प्रत्येक तुकड्याची धार दगडी चाकावर मारून घ्या. बोट फिरवून तपासा, डोळ्यांनी नाही.

काठावरची

खूपच उपयोगी, धन्यवाद. बाग भिंतीला टेकलेली आहेच, दोन सोसायट्यांत. खंड्याच्या लोखंडाबद्दल कोणी सांगेल का? फॅब्रिकेटर म्हणतो कॉर्टेन घ्या, गंजच त्याचा रंग असतो, देखभाल शून्य. दुसरा म्हणतो स्टेनलेस 304.

भट्टी आणि वेल्ड

कॉर्टेन नको. त्याचा गंज घट्ट होऊन थांबायला मधून मधून पूर्ण कोरडं व्हावं लागतं आणि हवेत मीठ कमी लागतं. दहिसरला खाडी जवळ, पावसाळा चार महिने. गंज थांबत नाही, पापुद्रे निघत राहतात आणि खालच्या फरशीवर तपकिरी ओघळ पडतात, ते निघत नाहीत.

304 खाऱ्या हवेत चहाचे डाग पडल्यासारखं तपकिरी होतं. मजबुती लगेच जात नाही, पण रूप जातं. 316 (खाऱ्या हवेत जास्त टिकणारं स्टेनलेस) घेतलंत तर उत्तम, महाग आहे. बजेटमध्ये बसणारा मार्ग म्हणजे 6 मिलिमीटरच्या पुढचा माइल्ड स्टील पत्रा, सगळं कटिंग-वेल्डिंग झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवणं), थराची जाडी सरासरी 85 मायक्रॉन, मग त्यावर जस्ताला धरणारा इपॉक्सी प्रायमर आणि पीयूचा निळा. इथे पीयू चालतो, लोखंडात ओल नसते. क्रम महत्त्वाचा आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणून मग वेल्ड केला तर जोडावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

दांडे पोकळ पाइपचे असतील तर गॅल्व्हनायझिंगच्या आधी दोन्ही टोकांना भोकं हवीतच. बंद पाइप वितळलेल्या जस्तात बुडवला की आतली हवा फुगून पाइप फुटतो; चांगला प्लांट असा माल घेतच नाही. खालचं भोक नंतरही उघडं राहू द्या, आत साचलेलं पाणी निघायला. काम भट्टीच्या टाकीत मावेल अशा तुकड्यांत करायचं, म्हणून टाकीचं माप डिझाइनच्या आधी विचारा.

बेसप्लेट 12 मिलिमीटर, प्रत्येक दांड्याला एम16 चे चार अँकर बोल्ट. बोल्ट काँक्रीट ओतताना टेम्पलेटमध्ये धरून ठेवा, नाहीतर भोकं जुळत नाहीत आणि साइटवर गॅस कटरने प्लेट जाळली जाते. प्लेटखाली 25 ते 40 मिलिमीटर न आक्रसणारं ग्राउट, कडेला उतार देऊन. घट्ट केल्यावर डोकं तुटून पडतं आणि मग उघडता येत नाहीत असे शिअर नट वापरा. पितळ-तांबं कुठेही नको. एक तर भंगारात जाईल, दुसरं म्हणजे नाल्याच्या पाण्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने काळं पडेल.

पिसांच्या फटींबाबत: 9 सेंटीमीटर ते 23 सेंटीमीटर या मधल्या मापाची बंदिस्त फट ठेवू नका. लहान मुलाचं अंग आत जातं आणि डोकं अडकतं. त्याहून लहान ठेवा किंवा सरळ मोठी. चोच मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येता कामा नये, आणि टोक बोथट.

करारनामा

परवानग्या. सोसायटीची भिंत सोसायटीची, तिथे सर्वसाधारण सभेचा ठराव. संरक्षक भिंत आणि नदी महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या विभागाकडे, वाट वॉर्ड ऑफिसकडे. मोकळी जागा नक्की कोणाच्या नावावर आहे ते आधी काढा. अर्जासोबत मापं, साहित्य, पायाचं ड्रॉइंग आणि देखभाल कोण करणार याचं पत्र जोडा; शेवटचं नसेल तर फाइल पुढे सरकत नाही. गाळ काढायची यंत्रं कुठून उतरतात तेही तिथेच विचारा आणि तो भाग मोकळा सोडा. भरतीचं पाणी पोहोचतं त्या खालच्या पट्ट्यात सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) लागू होतं आणि कांदळवनापासून 50 मीटरची मर्यादा येते. हायवेच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं इको सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्र. तुमचा पट्टा मधला आहे, तरी नकाशावर खात्री करा. झाडाच्या मुळांजवळ खणायचं असेल तर वृक्ष प्राधिकरण.

चित्रकाराशी करार लेखीच. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 57 मुळे चित्र विकल्यावरही त्याची मोडतोड झाली तर कलाकार आक्षेप घेऊ शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझ म्यूरल काढून टाकलं गेलं, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये 5 लाखांची भरपाई आणि उरलेले अवशेष परत द्यायला सांगितलं. म्हणून भिंत पाडायची किंवा नवा गिलावा करायचा झाला तर किती दिवस आधी कळवायचं, ते लिहा. दुसरं, सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो छापायला कायद्यात सूट आहे, भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती नाही. सोसायटीचं कॅलेंडर छापणार असाल तर त्याचं कलम आत्ताच घाला.

उद्यानातल्या पाड्यांचा विषय घेऊन वारली शैलीत काही काढणार असाल तर ते वारली कलाकारांकडूनच करून घ्या आणि नाव भिंतीवर लिहा. त्या चित्रकलेला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे. इंटरनेटवरून उतरवलेली तारपा नाचाची नक्कल मुंबईच्या निम्म्या भिंतींवर आधीच आहे.

रंगारी नाका

एक राहिलं. करारात देखभालीसाठी रकमेचा थोडा भाग राखून ठेवा आणि तो पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात पाहणी करून द्या. पाहणीत चित्राकडे नंतर बघा; आधी पायथ्याची पहिली फूटभर पट्टी, मग भिंतीच्या माथ्यावरची कडा. माथ्याला दोन्ही बाजूंना उतार आणि खाली पाणी तोडणारी खाच नसेल, तर पावसाचं पाणी वरून सरळ चित्रावर ओघळतं. हे कोपिंग रंगाच्या आधी करून घ्या; सहा फुटांच्या भिंतीला एका गवंड्याचं दोन-तीन दिवसांचं काम आहे.